कारण क्रमांक चौदा

रूवीच्या बँकेत, मागच्या बाजूला, माझं टेबल.
दिलावर होडेकरचा अर्ज तिसऱ्यांदा आलाय.
पगार बसतो, जेमतेम.
कंपनी 'क' गटात, वर्षात दोनदा पगार लांबवलेली.
व्हिसाचे सात महिने उरलेत.
पत्ता: घाला, कॅम्प, खोली नऊ, खालचा पलंग.
पलंग त्यानं आपणहून लिहिलाय, रकाना मोठा होता.

मागचं कर्ज नाही. हप्ता नाही.
अकरा वर्षांत कुणाचं घेतलं नाही
म्हणून आमच्या पडद्यावर तो नाहीच.
फेडल्याशिवाय माणूस कळत नाही,
आणि घेतल्याशिवाय फेडणार काय, कपाळ?

फोन केला. मराठी ऐकून खुलला.
'मॅडम, बकाल्यातल्या मोईदूला विचारा,
हिरवी वही आहे त्याची.
पाच तारीख मी कधी चुकवली नाही.'
मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं.

हिरव्या वहीला रकाना नाही.
नामंजूर.
कारण क्रमांक चौदा: पुरेशी माहिती नाही.

संध्याकाळी आमच्या इमारतीखाली दूध घेतलं.
सुट्टे नव्हते, तीनशे बैसा.
'उद्या,' म्हणाला पोरगा,
आणि वहीत मल्याळममध्ये काहीतरी खरडलं.
माझं नाव त्याला ठाऊक नाही.
मी विचारलंही नाही, काय लिहिलंस.