पलीकडं

फौंड्रीच्या डायरीत, ३१ मेच्या पानावर
मी एकच शब्द लिहिला : पलीकडं.
वय सत्तेचाळीस, पाठीला तेलाचा रिकामा डबा,
आणि पंचगंगेच्या घाटावर बंडा महालकरी,
"हात मार की, पाणी चावत न्हाई."

पहाटे पाच ते सहा. मग शिरोलीची पाळी.
रोजची नोंद : नऊ हात. चौदा हात.
बुधवारी 'थंडी'. खोटं.
शुक्रवारी 'कंटाळा'. हे खरं.

३१ मेला निम्म्यातनं परतलो.
मग पूर. पायऱ्या गेल्या, दीपमाळा गेल्या.
मी न्हाणीत, बादलीत तोंड घालून
श्वास मोजत बसायचो. छत्तीस. एक्केचाळीस.
"म्हशीगत काय करताय?" बायको म्हणाली.

मे खोडला, दिवाळी खोडली.
खोडून खोडून कागद फाटला,
शब्द तेवढा राहिला.

मार्गशीर्षात एकदा, डबा बंडाकडं ठेवून गेलो
आणि हाताला चिखल लागला.
पलीकडचा.
उसाचा वास. एक म्हैस बघत होती, बाकी कोण नाही.
कुडकुडत उभा राहिलो, तेव्हा ध्यानात आलं :
चपला, सायकल, डायरी
सगळं अलीकडं.

तिकडनं बंडा ओरडला,
"आता माघारी कोण येणार, तुजा मामा?"