ग. ना.

अहवाल आला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी:
एकशे अठ्ठावीस बाइट, बेवारस.
सगळी मेमरी चाळली, घर न् घर,
कुणाच्याच खिशात या जागेचा पत्ता सापडला नाही.
सबब, गळती.

विक्रोळीच्या सातव्या मजल्यावर एसी माझ्या मानेवर ठिबकतो आहे.
ही गळती खरी. तीनदा तक्रार केली,
हिचा अहवाल येत नाही.

ग्लेन परेरा म्हणतो, एक ओळ टाक, 'गळती नाही', आणि घरी जा.
आहे तशी सोय.
ओळ टाकली की यंत्र त्या जागेबद्दल पुन्हा तोंड उघडत नाही.
या एकाच ड्रायव्हरमध्ये आम्ही अशा अकरा ओळी टाकल्यात.
त्यातल्या चार माझ्या.

बाबा पालिकेच्या पाणीखात्यात, गळती शोधणाऱ्या टोळीत होते.
रात्री एक ते चार. घोडपदेव, फेरबंदर, रे रोडचा उतार.
पाच फुटी सळई, वर पितळी वाटी, वाटीला उजवा कान.
गळणारं पाणी सूंऽ करतं, सांगायचे,
वाहणारं नुसतं सरकतं.

एकदा सूं ऐकून खणलं. घाडी मुकादम, सहा माणसं,
कोरडी माती, धडधाकट नळ,
आणि आवाज चालूच.
उजाडता कळलं: भिंतीपलीकडे सकीनाबी ड्रम भरत होती,
पोरं उठू नयेत म्हणून अर्धीच तोटी फिरवून.
पाणीपट्टीच्या वहीत तिचं नाव नव्हतं, एवढंच.
घाडीने खड्डा बुजवला, वर पांढऱ्या रंगात लिहिलं,
ग. ना.
गळती नाही. पुन्हा इथे कान लावू नये.

मी ड्रायव्हर उघडते. कुण्या काटकसरी माणसाचा कोड.
पत्ता आहे! जपून ठेवलेला आहे.
पण कर्नलमधल्या पत्त्यांचे वरचे सोळा बिट सगळे सारखेच,
मुंबईच्या पिनकोडातल्या चारशेसारखे,
आणि या शहरात मोकळी जागा कोण सोडतं?
त्याने चारशे खोडून तिथे आपला हिशेब मांडला,
किती पाकिटं आली, किती गेली.
वाचताना तो चारशे मनातल्या मनात जोडून घेतो.
यंत्राला मन नाही. ते हुबेहूब शोधतं.

तेव्हा यंत्रालाच शिकवायला हवं:
या ड्रायव्हरच्या जागेत, फक्त इथे,
आधी वरचे सोळा पूर्ववत लिही, मग ताडून बघ.
सगळीकडे नको. सगळीकडे केलं तर
कुठलाही भटका आकडा पत्ता वाटेल
आणि खरी गळती सुखाने गळत राहील.
सतरा ओळींचा पॅच. सकाळचे साडेपाच.

एक सांगायचं राहिलं.
त्या पांढऱ्या अक्षरांपाशी चौदा महिने कोणी थांबलं नाही.
मग रस्ता खचला, बर्फाची हातगाडी अर्धी आत गेली.
माणूस वाचला. लाद्या मात्र दुपारपर्यंत
खड्ड्यातल्या पाण्यात लहान होत गेल्या,
आणि बाबा काठावर बसून बघत राहिले, सळई मांडीवर.
ते घाडीला काही बोलले नाहीत. मलाही हे आईने सांगितलं.

म्हणून मी घरी गेले नाही. अकरा ओळी एकेक करून पुसल्या,
माझ्या चार आधी.
स्कॅन. दहा मिनिटं थांब. पुन्हा स्कॅन.

कन्नमवार नगरात बाबा चहा गाळत होते.
कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, हे त्यांना आता पाठ आहे,
तरी विचारतात, तुझा साहेब काय म्हणतो?
मी म्हटलं, अकरा ठिकाणी ग. ना. लिहिलेलं होतं, पुसलं.
दहा कोरडी निघाली.

त्यांनी गाळणं खाली ठेवलं,
डावा कान माझ्याकडे केला,
उजव्याने आता ऐकू येत नाही.
आणि अकरावी?