डावरा

रिवणला उतरलो तेव्हा बसमध्ये मी आणि
काजूबियांचं एक पोतं, एवढेच उरलो होतो.
पुतू वेळीप बॅटरी घेऊन थांबलेला.
वाट कड्याला धरून, खाली कुशावती
उन्हाने बारीक झालेली.

गुहेच्या तोंडाशी तो म्हणाला, चपला काढा.
देव आहे आत?
न्हय, म्हणाला. पण कोणीतरी बसलं होतं.

आधी वाकून, मग रांगत.
वटवाघळांचा वास, गार जांभा,
कोनाडा रिकामा,
आणि बैठकीच्या दगडात खळगा,
उशीत डोक्याचा पडतो तेवढाच.

मी येताना जुळवून आणलेलं सगळं,
शांती, करुणा वगैरे,
त्या उजेडात कुठे ठेवावं कळेना.
पुतू मात्र भिंतीवरून हात फिरवत होता.
बावीस वर्षं खाणीवर ड्रिल धरलेला हात.
"हे बघा, छिन्नीचे घाव सगळे असे कलते.
डावरा असणार.
इथे दमलाय. आणि हे इथून पुढचं
दुसऱ्या दिवशीचं."

मग बराच वेळ गप्प.
"आम्हीपण डोंगरच पोखरला," म्हणाला,
"बार्जमध्ये भरून बाहेर धाडला.
ह्याने पोखरला
आणि आत बसून राहिला."

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं.
चपलेत लाल धूळ, एक मुंगळा.
उतरताना पुतूने विडी
डाव्या हाताने पेटवून बघितली.
दोन काड्या फुकट गेल्या.
तिसरी लागली.