बेंबीचा देठ

पेम्बा बेटावर लवंगा वाळत होत्या,
चटया रस्त्यावर, अंगणात, मशिदीच्या पायरीपर्यंत.
सलामाच्या घरात मात्र
लवंगेच्या वासाखाली दुसरा एक वास होता.

सहा दिवसांची मुलगी. रडत नव्हती,
कालपासून पीतही नव्हती.
“शहाणी आहे,” आजी म्हणाली. बी मिझे.
मी काही बोलले नाही. हात धुतले.

फडकं सोडलं. देठावर राख आणि खोबरेल,
मायेनंच लावलेलं, कोण नाही म्हणेल.
खाली पिवळा ओलावा,
भोवती ताणलेली, चकाकती कातडी.
आमच्या सावळ्या अंगावर लाली लवकर दिसत नाही,
ती बोटांच्या पाठीला आधी कळते.

बॉलपेननं मी सुजेच्या कडेनं रेघ ओढली.
“हे काय?” सलामानं विचारलं.
कुंपण, म्हटलं.
दालादाला येईपर्यंत
सूज कुंपणाबाहेर बोटभर गेली होती.

चाके चाकेचं इस्पितळ. शिरेतून औषध,
पुन्हा सुई, पुन्हा सुई.
सलामा दूध पिळून वाटीत धरायची
आणि वाटीकडेच बघत राहायची.

तिसऱ्या रात्री कंदील जवळ नेला
तर पुसट निळी रेघ एकटीच उरलेली,
सूज तिला सोडून आत कुठंतरी
मागं मागं सरकत चाललेली.

पहाटे नर्सनं सुई टोचली
आणि ओरडली पोर, बाई गं,
बेंबीच्या देठापासून!
सगळा वॉर्ड जागा.

बी मिझे पदरानं तोंड झाकून हसत होती.
“गेलं वाटतं शहाणपण,” म्हणाली,
आणि मग, माझ्याकडे न बघता,
“राख आता चुलीतच राहील.”