दर महिन्याचे सातशे एकोणपन्नास

तिनं विचारलं, कारण काय, मॅडम?
कोवळा आवाज, मागं आणखी पन्नास आवाजांची गुणगुण.
एक, दर परवडत नाही.
दोन, चित्र नीट दिसत नाही.
तीन, इतर.
मी म्हटलं, इतर.

थांबा मॅडम, खास तुमच्यासाठी
तीन महिने अर्ध्या दरात.
अकरा वर्षं पुरे पैसे भरले
तेव्हा मी खास नव्हते.

हा पॅक रोहिदासनं घेतला तेव्हा
पाळीच्या रस्त्यावर आमचे दोन टिपर होते.
दाराची कडी, पावाचा कागद, माझ्या पापण्या,
सगळ्यावर तांबडी धूळ.
त्या धुळीत पैसा होता, खोटं कशाला बोलू.
एका चतुर्थीला भिंतीएवढा टीव्ही आला
आणि त्याच्या मागोमाग तीनशे बारा वाहिन्या:
बर्फात हरवलेली माणसं, बंगाली स्वयंपाक,
कुठल्याशा देशातला जुन्या गाड्यांचा लिलाव
आणि फुटबॉल, फुटबॉल, फुटबॉल.

खाण बंद पडली.
एक टिपर विकला, दुसरा परसात
कारेट्याच्या वेलीखाली गेला.
झाडं पुन्हा हिरवी दिसायला लागली,
बाहेरचे लोक म्हणाले, किती छान झालं.
विम्याचा हप्ता चुकला, चहातली साखर कमी झाली,
पॅक मात्र चालू.
त्याला हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.
रात्री दोन वाजता आवाज बंद करून
तो परक्या गावांचे सामने बघायचा.
गोल झाला की खुर्ची करकरायची,
आतल्या खोलीत मला कळायचं.

गेल्या मंगळवारी बूट घालताना, पाठमोराच,
म्हणाला, तो पॅक बंद करून टाक.
हल्ली पिसुर्ल्याच्या कारखान्यात गेटावर असतो, रात्रपाळीला.
सामने फोनवर बघतो, भाच्याच्या पासवर्डवर.
चार बोटांचं मैदान.
म्हणतो, चेंडू दिसत नाही,
पण पळणाऱ्यांवरून कळतो.

माझा हिशेब मी बुधवारी डिचोलीच्या बाजारात केला,
बांगड्यांच्या वाट्यासमोर उभी राहून.
किती वाटे होतात ते सांगत नाही,
लाज वाटली एवढं खरं.

मग सर्फराज आला, छपरावर चढला.
नवी छत्री, पंधराशे, एकदाच.
दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे,
वरून ओरडला, आलं का?
मी खालून, नाही. नाही. आलं. गेलं.
शेवटी आलं.
फुकटात शेतीचे सल्ले, कीर्तन, कुस्त्या,
आणि सहा वर्षांपूर्वी पाहिलेली मालिका.
कोण मरणार हे ठाऊक आहे,
त्यामुळे भाजी निवडता येते.

सगळं मोजलं होतं.
इनासिनला सांगायचं तेवढं राहिलं.

आठला पाच कमी असताना आली,
नेहमीसारखी स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन.
अकरा वर्षं त्याच वेळी, त्याच मालिकेसाठी.
तिचे संवाद तिला अर्धे कळतात,
भांडणं पूर्ण.
पडद्याकडे बघून म्हणाली, करंट गेलो गो?
मी म्हटलं, नाही, आम्ही पॅक सोडला.
ती पॅक म्हणजे काय ते विचारत बसली नाही.
पंखा फिरत होता, बसली.
मी सोलायची सुंगटं पुढ्यात ओढली,
तिनं न विचारता अर्धी आपल्याकडे घेतली.

थोड्या वेळानं म्हणाली,
थोरली सून जिन्यावर उभी होती काल.
मी म्हटलं, आज पडली असेल.
पडली नाही, इनासिन म्हणाली, धाकटीनं ढकललं.
सासूनं बघितलं?
बघितलं, पण बोलणार नाही. शुक्रवारपर्यंत तरी.

सव्वाआठला, जाहिराती लागायच्या त्या वेळेला,
ती उठली,
माठातलं पाणी प्यायली,
आणि परत येऊन बसली.