पंच क्रमांक दोन

बेलिफ सोनटक्के म्हणाले, सही वाचता येईल अशी करा.
मी मशीनवर कापड टाकलं
आणि तीन जिने चढलो.

खारकर आळी ते कोर्ट नाका
चालत फार तर दहा मिनिटं.
हुकमाला यायला अकरा वर्षं लागली.
मध्ये एक अपील, तीन वकील,
आणि खातू स्वतः वारले.

सुरुवात नव्वद दिवसांच्या नोटिशीने.
निर्मलावहिनींनी ती माझ्याकडे वाचायला आणली होती,
ब्लाउजच्या मापाबरोबर.
मी म्हटलं, काही नाही हो, अशा येतात.
तसं म्हणायला नको होतं.

शेवटी कोर्टात एवढंच उरलं:
जागा सोडली तर कोणाची अडचण जास्त,
नाही सोडली तर कोणाची.
एका पारड्यात कर्णिकबाईंचे गुडघे
आणि दिव्याला भावजयीकडे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
दुसऱ्यात वागळे इस्टेटची बंद पडलेली कंपनी, मुलीची बारावी.
निकालपत्र चोवीस पानांचं. मी सगळं वाचलं.
खोटं कोणीच बोललेलं नव्हतं.
म्हणूनच बहुधा एवढी पानं लागली.

आता पंचनामा.
सोनटक्के बोलतात, कारकून लिहितो:
लोखंडी कपाट एक, आरसा तडकलेला.
शेगडी, दोन बर्नरची.
प्लास्टिकच्या खुर्च्या, नग तीन.
चौथी माझ्याकडे आहे, गणपतीपासून. मी बोललो नाही.
भिंतीतला खिळा कोणाचा? गालांनी विचारलं.
ते पंच क्रमांक एक, किराणावाले, त्यांची उधारी बाकी.
खिळा जागेचा, कॅलेंडर भाडेकरूचं,
सोनटक्के न हसता म्हणाले.

वहिनी रडल्या नाहीत.
बदली झाल्यासारखं सामान उतरवत राहिल्या.
कर्णिकबाई दारात, हातात नवं कुलूप,
किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
अकरा वर्षांत दोघी थेट बोलल्या त्या एवढंच:
नळ डावीकडे फिरवला की गळतो.
ठाऊक आहे. सासऱ्यांनी बसवलाय तो.

मग ओट्यावर, ताटलीखाली, पातेलीभर दही.
रात्री विरजलेलं.
वॉरंटची तारीख आठवडाभर आधी घरात सगळ्यांना पाठ,
तरी निजायच्या वेळी हात दुधाकडे गेलाच.
कारकुनाचं पेन थांबलं.
सोनटक्क्यांनी घड्याळ पाहिलं.
नाशवंत आहे. लिहू नका.

ताबा दिला, ताबा घेतला, वेळ अकरा चाळीस.
मी सही केली, वाचता येईल अशी.

पातेली खाली आणली. बायकोने काही विचारलं नाही.
रात्री त्यातलंच चमचाभर आमच्या दुधाला लावलं.
आज चार महिने झाले,
रोज कालच्यातून आजचं लागतं.
जरा आंबट होतं. वहिनींचं पहिल्यापासून तसंच.

कळव्याला राहतात म्हणे. पत्ता कोणाकडे नाही.
घासताना बोटांना अक्षरं लागतात:
सौ. निर्मला हीस, मामांकडून, १९९१.
परत द्यायचीय.
आणि एक खुर्ची.