उरेब

पाट आला तेव्हा जमिनीला कुणी विचारलं नव्हतं.
म्हसरुळच्या त्या वळणावर तो तिरका शिरला,
चौकोनी वावराची एक बाजू कातरून गेला.
पुढे पाटही बुजला, त्याच्यावर डांबर पडलं
आणि आमच्या वाट्याला आला हा तिकोना,
सव्वा गुंठ्यालाही थोडा कमी.

पूर्वेला बेचाळीस फूट, दक्षिणेला एकसष्ट,
आणि रस्त्याची तिरपी बाजू
मोजणीवाल्यानं दोनदा मोजली,
दोन्ही वेळा वेगळी लिहिली.

स्वस्त का, हे केदानं विचारलंच नाही.
दीर सटाण्याहून आले, बांधावर उभे राहिले, म्हणाले,
गोमुखी नाही, व्याघ्रमुखी नाही,
ह्याला तर तोंडच नाही.

मी गप्प.
तेवीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
गिऱ्हाईक ऐंशी सेंटिमीटर कापड आणतं,
त्यात बाही हवी कोपरापर्यंत, वर पाठीला नाडी.
बसेल ना ताई?
बसवू.

पहिला नकाशा कॉलेज रोडच्या ऑफिसातून आला.
त्यांनी आत एक चौकोन काढला,
उरलेलं सगळं हिरवं रंगवलं
आणि त्यावर लिहिलं, लॉन.
इतकं कापड वाया घालवणारा
माझ्या हाताखाली आठ दिवस टिकला नसता.

मग खैरनारांची वृषाली आली,
नुकती पास झालेली, चपलेला चिखल.
फूटपट्टी काढलीच नाही तिनं.
मशीनशेजारी बसली, चहा घेतला, विचारलं,
काकू, हात वर केला तरी काखेत उसवत नाही,
ते कसं करता?

म्हटलं, कळी घालते.
तिकोनी तुकडा, उरेब कापलेला.
सरळ कापड ओढलं की फाटतं,
उरेब कापड ऐकतं.
तिनं वहीत लिहून घेतलं,
ऐकतं, आणि खाली दोन रेघा.

महापालिकेनं मार्जिन मागितलं, टोक गेलं.
उरलं त्यात जिना निमुळता होत वर निघाला,
ओटा रस्त्याच्या तिरपेवर आडवा पडला,
निजायच्या खोलीला पाच भिंती झाल्या.
केदा त्या रोज मोजायचा,
एखादी कमी होईल म्हणून.

रशीद मिस्त्रीचा गुण्या मात्र अडला.
कोपऱ्याला लावायचा, मान हलवायचा,
तीस वर्षांत ह्यानं मला कधी खोटं पाडलं नाही, म्हणायचा.
त्या रात्री मी खाकी कागद जमिनीवर पसरला,
खडूनं रेघ मारली, कोन कापला,
सकाळी मिस्त्रीच्या हातात दिला.
त्यानं तो उलटसुलट पाहिला. हसला नाही.
विटेखाली दाबला आणि ओळंबा सोडला.
संध्याकाळी म्हणाला, मावशी, आणखी दोन कापा.

फरशीवाल्यानं दर कापाचे वेगळे पैसे घेतले.
स्लॅबनंतर सळईचं बिल आलं,
मग माझ्या बांगड्या गेल्या, दोन,
आणि सहा महिने घर तसंच उभं होतं,
खांद्यावर पिना टोचून ठेवलेल्या गिऱ्हाइकासारखं.

आता राहतोय.
लोखंडी कपाट कुठल्याच भिंतीला पाठ टेकत नाही,
त्याच्यामागे एक फट राहते.
केदा तिथं छत्र्या ठेवतो,
आणि मांजर, बोलावलं नसताना.
दीर आले की अजून विचारतात, देव कुठल्या दिशेला?
मी म्हणते, बसलेत. त्यांनाही सरकून घ्यावं लागलं.

बाहेरून प्लास्टर व्हायचंय.
टाचे घातलेत, शिलाई बाकी आहे.

ओट्यासमोरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे दिसते
पाटानं तेव्हा तोडलेली आमची कातरण,
वीस-पंचवीस पावलं जमीन.
चंद्रभागा पगारनं तिथं शेपू लावलाय.
तिरपा वाफा, तिरप्या ओळी.
खडू घेऊन बसले तर सांगू शकेन,
तिची कुठली कड माझ्या कुठल्या भिंतीला बसेल.

संध्याकाळी ती रस्ता ओलांडून जुडी आणून देते.
दहा रुपये घेते.
मीही तिच्या ब्लाउजचे पूर्ण घेते.